केंडलची काठी

गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

पोस्टाच्या पेटीत पिवळं पाकीट. इथे पिवळं पाकीट म्हणजे सरकारी, आणि सरकारी पाकीट फोडायचं मी टाळतो. बॉबलिंगेनला येऊन अठरा वर्षं झाली, जर्मन पासपोर्ट मिळून तीन वर्षं झाली, ती सवय काही जात नाही. शेवटी माझ्या बायकोने, विभावरीने, फोडलं. वाचून म्हणाली, "तुला न्यायाधीश केलंय."

मला वाटलं थट्टा करतेय. पण खरंच तसं आहे. इथे फौजदारी खटल्यात खऱ्या न्यायाधीशाच्या दोन्ही बाजूंना दोन साधे नागरिक बसतात, कायदा न शिकलेले. त्यांना शॉफे म्हणतात. तिघांच्या मताचं वजन सारखं. अडीच वर्षांपूर्वी नगरपालिकेतल्या बाईंनी विचारलं होतं, नवे नागरिक म्हणून तुम्हाला ह्यात रस आहे का. मी "या, गेनाऊ" म्हणालो आणि फॉर्म भरून दिला. तेव्हा राखीव यादीत टाकलं होतं. आता कुणी गृहस्थ हॅम्बर्गला राहायला गेले, त्यांची खुर्ची मला मिळाली.

या, गेनाऊ. हो, अगदी बरोबर. ह्या दोन शब्दांवर मी इथे संसार उभा केला. पहिल्या वर्षी काही कळायचं नाही, तेव्हा समोरचा बोलायचा थांबला की मी हे म्हणायचो. शेजारच्या आजोबांना असंच म्हणालो आणि ससे पाळणाऱ्यांच्या मंडळाचा सभासद झालो. दोन वर्षं दर वसंतात सशांच्या प्रदर्शनात बिल्ला लावून उभा राहिलो. आमच्याकडे एकही ससा नव्हता.

बाबांना पुण्याला फोन केला. त्यांनी बत्तीस वर्षं लॉ कॉलेजात कायद्याचा इतिहास शिकवला, स्वतः कधी कोर्टात उभे राहिले नाहीत.  बातमी ऐकून म्हणाले, "हृषी, खुर्चीत बसलास की पाठ ताठ ठेव." आवाज ओला होता. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, नक्की कळत नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

बाबांचं पुस्तक हा आमच्या घरातला जुना पाहुणा आहे. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन न्यायाधीश आणि त्यांचे गाजलेले खटले. वीस वर्षं लिहितायत. आता पुण्यातला एक प्रकाशक तयार झालाय, डिसेंबरात सगळं द्यायचं आहे. बाबा हाताने लिहितात, पानांचे फोटो पाठवतात, मी रविवारी टाइप करतो. आजवर टाइप करताना अर्थाकडे फारसं लक्ष नव्हतं. आज दिलं, आणि डोकं फिरलं.

टॉनी नावाचे सरन्यायाधीश होते. ह्या माणसाने तरुणपणी स्वतःचे गुलाम मोकळे केले. गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या एका धर्मोपदेशकाचं वकीलपत्र घेऊन त्याला सोडवलं. आणि ऐंशीला टेकल्यावर, १८५७ साली, ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात निकाल दिला की काळा माणूस ह्या देशाचा नागरिक होऊच शकत नाही. पलीकडे हार्लन. गुलाम बाळगणाऱ्या घरातला, गुलामगिरी कायद्याने बंद करायला आधी विरोध केलेला. आणि १८९६ साली आगगाडीत काळ्यांचा डबा वेगळा ठेवण्याच्या खटल्यात सात न्यायाधीश एका बाजूला आणि हा एकटा दुसऱ्या बाजूला. संविधान माणसाचा रंग पाहत नाही, असं त्याने लिहून ठेवलं.

मग आधी कसं ओळखायचं, कोण काय करेल ते? मी गुणवत्ता विभागातला इंजिनिअर. आमच्याकडे चांगल्या मालातून चांगला पार्ट निघतो. इथे सगळं उलटंपालटं.

बाबांची आवडती गोष्ट दौतीची. टॉनीने तो काळा निकाल ज्या दौतीतून लिहिला ती पुढे हार्लनकडे आली. १८८३ साली हार्लन बहुमताविरुद्धचं मत लिहिताना अडला होता, शब्द फुटत नव्हता. त्याच्या बायकोने ती दौत शाई भरून गुपचूप त्याच्या टेबलावर ठेवली. ती पाहिल्यावर लेखणी चालायला लागली, असं सांगतात. बाबा हे फोनवर सांगत होते, विभावरीही ऐकत होती. म्हणाली, "तुझ्यापुढे काय ठेवू म्हणजे तू तोंड उघडशील?" बाबा तिकडून हसले. मीही हसलो.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

ऑफिसात वार्षिक मुलाखत. साहेब म्हणाले, हेर दामले, म्हणजे श्रीयुत दामले, तुमच्याबरोबर काम करणं सुखाचं, तुम्ही कधी अडचण करत नाही. तीच ओळ कागदावरही आली. घरी येऊन वाचून दाखवली. विभावरीने "हं" म्हटलं आणि भाजी ढवळत राहिली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पहिला दिवस. कोर्टाचं गाव लिहीत नाही आणि माणसांची नावंही लिहीत नाही. डायरी मराठीत आहे, म्हणजे ह्या देशात कुलूपबंदच. आमची मुलगी तनयासुद्धा वाचू शकत नाही. तरी नको.

आधी शपथ. देवाला स्मरून की देवाशिवाय, असं न्यायाधीशबाईंनी विचारलं. मला दोन्ही चाललं असतं. दुसऱ्या शॉफे बालवाडीतल्या निवृत्त बाई, वय चौसष्ट, चार दिवसांपूर्वीच केस कापल्यासारख्या नीटनेटक्या. त्यांनी देवाला स्मरून घेतली. म्हणून मीही. न्यायाधीशबाई माझ्यापेक्षा जरा मोठ्या, भराभर बोलतात, पण वागायला चांगल्या. त्यांनी दोनच नियम सांगितले. बंद खोलीत जे बोललं जाईल ते मरेपर्यंत बाहेर काढायचं नाही, बायकोलाही नाही. आणि दोषी ठरवायला तिघांतली दोन मतं लागतात.

खटला असा. गावातल्या एका उन्हाळी जत्रेत जेवणाच्या तंबूमागे दोन वाढपी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. भांडी घासणारा एक माणूस त्यांना सोडवायला गेला. त्याच्या हातात तंबूचं छत गुंडाळायचा लोखंडी दांडा होता. तो दांडा मागे उचलला गेला आणि मागून ट्रे घेऊन येणाऱ्या चौथ्याच माणसाच्या डोळ्याला लागला. तो डोळा गेला. भांडी घासणारा आठ वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेला. सरकारी वकील म्हणतात, रागाच्या भरात त्याने जाणूनबुजून मारलं. तो म्हणतो, चुकून लागलं, मागे कुणी आहे हे माहीत नव्हतं. जाणूनबुजून ठरलं तर वर्षाच्या वरची शिक्षा, चुकून ठरलं तर फार तर दंड. त्याच्या बायकोचा आणि मुलीचा व्हिसा आता कुठे मार्गी लागतोय. शिक्षा झाली तर तो अडकेल, असं त्याचा वकील म्हणाला.

साक्षीदारांनी काहीच धड पाहिलेलं नाही. सगळा भार पोलिसाच्या टिपणावर. घटनेनंतर तासाभरात दुभाष्याशिवाय केलेली चौकशी. पोलिसाने वाचून दाखवलं. तुम्ही चिडला होता का? या. मागे माणूस उभा होता हे दिसलं होतं का? या. माझे सगळे प्रश्न तुम्हाला कळले का? या, गेनाऊ.

शेवटच्या दोन शब्दांना मला एकदम हसू आलं. खाली बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं. पुढची तारीख अठ्ठावीस.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

हे बरोबर केलं की नाही, ठाऊक नाही. सुनावणी तर उघड्या कोर्टात झाली, तिथे कुणीही बसू शकतं. तरी बाबांना मी तपशील सांगितला नाही. एवढंच विचारलं, भांडण सोडवताना तिसऱ्यालाच लागलं, असा तुमच्या पुस्तकात एखादा खटला आहे का?

बाबा इतके खूश झाले की मला अपराधी वाटलं. पंधरा मिनिटांचा आवाजी निरोप आला. बॉस्टनकडचा खटला, १८५० सालचा. ब्राउन आणि केंडल अशा दोघांची कुत्री झुंजली. केंडलने चार फुटी काठी घेऊन ती सोडवायचा प्रयत्न केला. कुत्री त्याच्या अंगाशी आली तसा तो मागे सरला, काठी खांद्यावरून मागे गेली आणि मागे उभ्या असलेल्या ब्राउनच्या डोळ्याला लागली. ब्राउनने दावा लावला. तोवरची समजूत अशी की ज्याच्या हाताने लागलं तो जबाबदार. मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश शॉ म्हणाले, थांबा. हा माणूस करत होता ते काम वाजवी होतं का? साधा शहाणा माणूस घेतो तेवढी काळजी त्याने घेतली होती का? घेतली नव्हती, हे दाखवायचं ओझं तक्रार करणाऱ्यावर. खटला पुन्हा चालवायचा हुकूम निघाला. केंडल बिचारा मधल्या काळात वारला होता, त्याच्या मागे खटला चालला.

निरोपाच्या शेवटी बाबा म्हणाले, "नुसत्या काठीवरून निकाल देऊ नये रे, मागे कोण आहे हे त्याला ठाऊक होतं का ते बघावं." मी दोनदा ऐकलं. आता इथल्या माणसाला मी मनात केंडल म्हणतो. नाव लिहायची पंचाईत मिटली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. अर्धा दिवस रजा टाकली. विभावरीने चकल्या केल्या, ह्या वेळी मोडल्या नाहीत.

चकली खाता खाता शॉचं उरलेलं प्रकरण टाइप केलं आणि पुन्हा गोंधळलो. केंडलला इतक्या बारकाईने पाहणाऱ्या ह्याच शॉने त्याच सुमारास निकाल दिला की बॉस्टनमधल्या पाच वर्षांच्या काळ्या मुलीने घराजवळच्या शाळा सोडून काळ्यांच्या लांबच्या शाळेत जावं, त्यात गैर काही नाही. पुढच्याच वर्षी पळून आलेल्या एका गुलामाची सुटका करायला त्याने नकार दिला आणि त्या गुलामाला बोटीने परत दक्षिणेत नेलं. शॉला गुलामगिरी आवडत नव्हती, हेही बाबांनी लिहिलंय. मग?

आणि हार्लन. बाबांनी दिलेला उतारा ताडून बघावा म्हणून मूळ निकाल नेटवर उघडला. रंग न पाहण्याचं ते वाक्य आहेच. त्याच्या थोडं पुढे त्याने चिनी लोकांविषयी लिहिलंय, ही जमात आपल्याहून इतकी वेगळी की तिला आपण नागरिक होऊ देत नाही. दोन वर्षांनी अमेरिकेत जन्मलेल्या एका चिनी माणसाला नागरिक मानायचा प्रश्न आला तेव्हाही हा न मानणाऱ्यांच्या बाजूला. म्हणजे माझा पासपोर्ट हार्लनच्या पुढ्यात गेला असता तर काय झालं असतं? बाबांच्या पानात हे नाही. फोनवर विचारलं तर म्हणाले, "जागा कमी होती." मग जरा वेळाने, "तळटीपेत घालू."

जेवताना तनयाला सात विरुद्ध एक ह्याची गोष्ट सांगितली. ती मराठीत ऐकते आणि जर्मनमध्ये उत्तर देते. तिने विचारलं, आपण पुढे बरोबर ठरणार हे त्याला ठाऊक होतं का? म्हटलं, नाही, अठ्ठावन्न वर्षं लागली, तोवर तो गेला होता. "मग कशाला?" तनयाने विचारलं.  तिला आणखी चकली वाढली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

सकाळी केंडलचं शेवटचं बोलणं. इथे शेवटचा शब्द आरोपीचा असतो. तो उभा राहिला, दुभाष्यामार्फत म्हणाला की त्या माणसाच्या डोळ्याचं मला रोज वाईट वाटतं. मग म्हणाला, पोलिसांना मी हो म्हणालो कारण ते पोलीस होते. दुभाष्याने हे सपाट आवाजात सांगितलं. सरकारी वकील घड्याळ बघत होते. 

पुढचं बंद खोलीतलं. ते लिहायचं नाही, शपथ आहे. म्हणून बॉस्टनचं लिहितो.

बॉस्टनला १८५० साली एक खोली होती. तिच्यात कॉफीचं मशीन होतं. तीन न्यायाधीश होते, एक मुख्य, एक वयस्क बाई आणि एक सगळ्यांत लहान, पंचेचाळीस वर्षांचा. मुख्य न्यायाधीशांनी पुरावा पुन्हा नीट मांडला. शेवटी म्हणाल्या, पोलिसाची साक्ष सुसंगत होती, नाही का? आणि लहान न्यायाधीशाकडे बघितलं. त्या थांबल्या होत्या, म्हणून तो म्हणाला, या, गेनाऊ. त्याला एवढंच म्हणायचं होतं की मी ऐकलं.

मग मतं. बॉस्टनचा नियम असा की वयाने लहान असेल त्याने आधी मत द्यायचं. मुख्य न्यायाधीश सगळ्यांत शेवटी. लहान न्यायाधीश त्या बाईंकडे वळून म्हणाला, आधी तुम्ही, तुम्ही मोठ्या आहात. त्याच्या घरात मोठ्यांच्या आधी कुणी बोलत नाही. मुख्य न्यायाधीश हसल्या. म्हणाल्या, नियम ह्याचसाठी केलाय, मोठ्यांचं ऐकून लहानांनी मत बदलू नये म्हणून. हेर अमुक, तुम्ही.

त्याला सशांची गोष्ट सांगायची होती. ती जिभेवर आली होती. पण डोळा गमावलेल्या माणसाच्या खटल्यात ससे कुठून आणायचे? कायदा शिकलेल्या बाईंसमोर हे हास्यास्पद दिसेल. आणि आधी गेनाऊ म्हणून झालं होतं, आता दोन मिनिटांत उलटं बोलायचं कसं? शिवाय त्याने हिशेब केला की ह्या दोघींचं मत ठरलेलंच दिसतंय, आपल्या एकट्याच्या नाहीने काय होणार, उगाच अडचण. तर तो जे म्हणायला सोपं होतं ते म्हणाला. वयस्क बाई जरा वेळ कपात चमचा फिरवत राहिल्या. मग त्याही तेच म्हणाल्या.

बॉस्टन संपलं. उघड्या कोर्टात सगळ्यांनी उभं राहून निकाल ऐकला. दोषी. एक वर्ष चार महिने, चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, म्हणजे तुरुंगात जावं लागणार नाही. दुभाष्या त्याच्या कानाशी लागला होता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, निकाल समजला का? तो मान हलवून म्हणाला, या.

पाठ ताठ ठेवली होती मी.

बुधवार, २९ ऑक्टोबर

ऑफिसला गेलो. डोकं दुखतंय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

तुरुंग नाही ना. हे महत्त्वाचं आहे. न्यायाधीशबाईंनी निकाल सविस्तर समजावला, कुठे आवाज चढवला नाही. आणि ज्याचा डोळा गेला त्याचं काय? त्यालाही बायको असेल, मुलं असतील. मी त्याचा विचारच करत नव्हतो, सारखा केंडलचा. म्हणजे आधी मीच एकांगी होतो. म्हणून झालं ते ठीकच झालं असावं. अपिलाची मुदत एक आठवड्याची असते. त्याने केलं असेल.

बाबा रोज विचारतात, काय झालं? सांगता येत नाही म्हटलं. ते म्हणाले, नकोच सांगू, तुझी शपथ मोडायला लावणारा मी कोण. पण एवढं तरी सांग, बोललास ना? मी म्हटलं, नेटवर्क जातंय.

विभावरी काही विचारत नाही. मी ह्या आठवड्यात तीनदा डबा घरी विसरलो. तिसऱ्यांदा ती मला स्टेशनवर आणून देऊन गेली आणि म्हणाली, "जे काय आहे ते मला सांगू नकोस. पण स्वतःला तरी सांग." मी तर डायरीत सगळं लिहितोच आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बॉस्टनच्या वयस्क बाई भेटल्या.

मी दाराशी उभा होतो. त्यांनी बाजूच्या बाकावरची पिशवी उचलून जागा केली. हवेचं बोलून झालं. बाहेर झाडं पार उघडी पडली होती, त्यांचंही झालं. मग त्यांनी डब्यात नजर फिरवली, आवाज अगदी खाली आणला. म्हणाल्या की मी कोर्टाच्या कचेरीत विचारलं, त्याने अपील केलं नाही. निकाल कायम झाला.

 मग म्हणाल्या, "मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होते, हेर दामले. बालवाडीत चाळीस वर्षं मी मुलांचं 'हो' ऐकलंय. घाबरलेलं मूल सगळ्याला हो म्हणतं. पण मला वाटलं, परक्या भाषेतल्या 'हो'ची गोष्ट ह्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळत असणार. तुम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही, मग मी कोण? तुम्ही नाही म्हणाला असता तर मी लगेच म्हणणार होते."

तिघांतले दोघं. म्हणजे केंडल सुटला असता.

मी त्यांना म्हणालो, या, गेनाऊ. तोंडातून तेवढंच आलं.  पुढच्या स्टेशनवर मी उतरलो, माझं स्टेशन नव्हतं ते. फलाटावर गार वारं होतं. पुढची गाडी येईपर्यंत वीस मिनिटं उभा राहिलो आणि मला मोठ्याने रडू आलं. शेजारी एक बाई कुत्रं घेऊन उभी होती. तिने विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी तिलाही तेच सांगितलं.

हार्लनला निदान ठाऊक होतं की आपण एकटे आहोत. मी एकटा नव्हतो आणि मला ठाऊक नव्हतं. विचारलंच नव्हतं मी. हे समजायला सोपं आहे, तरी आजच घडलं असून चार दिवस उलटल्यासारखं वाटतंय. डोक्यात तारखासुद्धा नीट लागत नाहीयेत.

रविवार, ३० नोव्हेंबर

पहिला अॅडव्हेंट, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतला पहिला. तनयाने टेबलावर चार मेणबत्त्या मांडून एक लावली. मी शेवटचं प्रकरण टाइप केलं. चिनी लोकांविषयीचं ते वाक्य बाबांनी आत घेतलंय, तळटीपेत नाही, मधोमध. त्याखाली लिहिलंय, ह्या माणसाचं काय करावं मला अजून कळलेलं नाही. बाबांच्या लिखाणात "मला कळलेलं नाही" हे मी पहिल्यांदाच टाइप केलं.

मग एक वेगळं पान आलं. अर्पणपत्रिका. "चि. हृषिकेश यास, जो परक्या देशात न्यायासनावर बसला आणि एकटा पडायला भ्याला नाही." खाली फोनवर निरोप, "छापायला सोडतोय. ठेवू ना हे असंच?"

मी "हो बाबा" एवढं टाइप केलं. पाठवलं नाही. ते दोन शब्द बघत बसलो. एखाद्या पोलिसाने टिपणात लिहून घेतले असते तर कायमचे झाले असते. विभावरी आली, तिने पान वाचलं.  माझ्या हातातून फोन घेतला, "हो बाबा" पुसलं, बाबांचा नंबर लावला आणि फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला. घंटा वाजत होती.

बाबा उत्साहात होते. कागद कुठला वापरणार, मुखपृष्ठ कसलं, सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, मग, ठेवू ना?

मी म्हटलं, "नाही बाबा."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. पुण्यात नोव्हेंबरातही ते पंखा लावतात. बाबांनी विचारलं, "का रे?"

म्हटलं, "का ते सांगता येणार नाही. पण ते खरं नाही."

आता ते समजले. मी सांगितलं नाही, तरी सांगितल्यासारखंच झालं. शपथ मोडली की नाही, मला ठरवता येत नाही. ते रागावतील असं वाटत होतं, पण रागावले नाहीत. म्हातारे झाल्यासारखे बोलले. म्हणाले, पान तर सोडलंय, कोरं ठेवलं तर वाईट दिसेल. मग कुणाला अर्पण करू?

मी म्हटलं, "केंडलला करा."

"केंडलला?" बाबांनी विचारलं. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला आणि मला वाटतं त्यांनाही तेच सोपं गेलं असावं. "अरे, पण त्याला तर न्याय मिळाला होता."

ते माझ्या उत्तरासाठी थांबून राहिले. मी हो म्हटलं नाही.